देवरहाटीच्या उतारावरचा लाल दिवा

आमच्याकडे घाटात देवाचं ठाणं आलं की ड्रायव्हर हॉर्न वाजवतो. एक छोटासा पोंऽ, एक हात छातीकडे, की झाला नमस्कार. रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वरच्या आत, डोंगरावर एक गाव आहे, तिथे नेमकं उलटं. देव आला की गाडीच बंद करतात. हॉर्न नाही, इंजिन नाही, बोलणं नाही. कराडला परत आल्यापासून हे मी ज्याला सांगते तो हसतो. जाताना मीही हसले होते, त्यामुळे कुणाला नावं ठेवायची सोय नाही.

मी तिथे गेले ती काही हौसेनं नव्हे. माझी नणंद आक्का, म्हणजे आमच्या ह्यांची थोरली बहीण, लग्न होऊन त्या गावात गेली त्याला जन्म लोटला. तिचे दोन्ही गुडघे गेलेत. अंगणाच्या पायऱ्या ती बसून, एकेक करत उतरते. वर्षभर मनधरणी केल्यावर दाजी, म्हणजे आक्काचे यजमान, ऑपरेशनला कसेबसे राजी झाले आणि कराडच्या डॉक्टरांनी तारीख दिली ती नेमकी पितृपंधरवड्यातली. दाजी पुन्हा अडून बसले. पक्षात कोण घर सोडतं? अखेर एका अटीवर मान डोलावली. वाटेत काही आडवं आलं, की गाडी मागं फिरवायची आणि ऑपरेशनचा विषय परत काढायचा नाही.

आमचे हे दोनदा गाडी शिकले आणि दोनदा विसरले. तेव्हा आक्काला आणायला मीच निघाले.

पुलापर्यंत

कुंभार्ली घाटात धुकं होतं, ते चिपळूणला विरलं. तिथल्या खानावळीत मालकीणबाईंनी पाट-पाणी व्हायच्या आधीच भात वाढला. आमच्याकडे भात म्हणजे जेवण आटपत आल्याची खूण. मी भाकरीची वाट बघत बसले, तर त्या म्हणाल्या, "काय गो बाय, भातावर राग हाय काय?" सोलकढी मात्र अशी होती की राग असता तरी गेला असता. मी तीन वाट्या प्यायले आणि वर अळूचं फदफदं मागून घेतलं.

महामार्ग सोडून आत वळलं की रस्ता बारीक होत जातो. भातशेती लोंबीवर आलेली, बांधावर तेरड्याची फुलं, आणि घरं झाडांत लपलेली. आमच्याकडे गाव लांबून दिसतं; इथे गाव पायाशी येईपर्यंत कळत नाही. शेवटी ओढ्यावरचा एक पूल आला. पुलापलीकडे चढ, आणि चढावर दोन्ही बाजूंनी देवरहाटी. देवासाठी राखलेलं रान. त्यातली काटकीसुद्धा कुणी सरपणाला नेत नाही.

आक्कानं फोनवर बजावलं होतं. पुलाच्या अलीकडची एक टहाळी मोडायची, पलीकडच्या दगडावर ठेवायची, मगच गाडी वर घ्यायची. चढाला इंजिन लागतंच, त्याची ही आधीच मागितलेली माफी. दगड सापडला. ना शेंदूर, ना फूल. नुसता काळा दगड आणि त्यावर हिरव्या, सुकलेल्या, कुजलेल्या टहाळ्यांचा ढीग. मी माझी टहाळी ठेवली आणि मान वर केली, तर समोर जीप.

ती आली कधी ते मला कळलंच नाही. माणसांनी भरलेली जीप उतारावरून खाली येत होती आणि तिला आवाज नव्हता. आत दाटीवाटीनं बसलेली माणसं समोर बघत होती. कुणी बोलत नव्हतं, एक तान्हं पोरसुद्धा गप्प होतं. ओल्या पाचोळ्यावर टायरांची सळसळ तेवढी माझ्या अंगावरून गेली. पुलावर पोचल्यावर जीपनं एक गचका दिला, इंजिन सुरू झालं, आणि लगेच आतली माणसं बोलायला, खोकायला, हसायला लागली. कुणीतरी मेलेल्यांना उठवावं तसं वाटलं मला. मी पटकन गाडीत बसले आणि काचा वर केल्या.

डोंगरावर

आक्कानं मला बघून रडून घेतलं आणि मग रडता रडताच तवसाची घावनं केली. तवसं म्हणजे इथली दांडगी पावसाळी काकडी. "कराडला मिळतं का असलं?" "नाही मिळत, आक्का." "मग खा की." जन्म कोकणात गेला, तरी तिचं 'खा की' अजून कराडचंच आहे.

दुसऱ्या दिवशी दाजी मला शेजाऱ्याच्या जीपनं खाली बाजाराला घेऊन गेले. आक्कासाठी प्रवासाची जाड उशी घ्यायची होती. देवरहाटीच्या वरच्या अंगाला तसाच एक दगड आहे. तिथं पोचताच जीपवाल्यानं इंजिन बंद केलं, पण चावी पूर्ण फिरवली नाही, नाहीतर स्टेअरिंगला कुलूप बसतं. इंजिन बंद आणि चावी चालू, त्यामुळे समोर लाल दिवा लागला. तेलाच्या झारीचं चित्र, तिच्या तोटीला एक थेंब. जीपमधल्या सगळ्यांनी त्या दिव्याला हात जोडले.

दाजी माझ्या कानाशी कुजबुजले, "लावलान दिवा. आता त्याची हद्द."

'त्याची' म्हणजे राखणदाराची. ह्या रानाचा धनी. तो दिसत नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही, आणि त्याच्या हद्दीत आवाज करायचा नाही. आम्ही तसेच घरंगळत निघालो. भर सकाळ, पण वरून उजेड हिरवट, शिळा झिरपत होता. पक्षी नव्हता, रातकिडा नव्हता. जीपच्या सळसळीखाली मला दुसरा एक आवाज येऊ लागला. माझ्या बाजूनं, कठड्यापलीकडे, पाचोळ्यावर कुणीतरी चालत होतं. जीप हळू झाली की ते हळू, वेग आला की तेही भरभर. मी मान वळवली नाही. का नाही वळवली, ते आजही सांगता येत नाही. पूल आला, गचका बसला, दिवा विझला.

"हद्द संपली," दाजी मोठ्यानं म्हणाले.

मला कंठ फुटला तो वाद घालायलाच. "दाजी, तो दिवा ऑइलचा असतो. इंजिन चालू असलं की पंप तेल फिरवतो, दाब येतो, दिवा विझतो. इंजिन बंद केलं की दाब गेला, दिवा लागला. ह्यात राखणदाराचा काय संबंध?"

"बरोबर," दाजी शांतपणे म्हणाले. "नि इंजिन बंद कोन करायला लावतो?"

पण एक काळजी मनात शिरली ती राहिलीच. सगळ्या गावानं तो दिवा रोज बघितलेला. तो लागतो, हात जोडायचे, तो विझतो. उद्या कुणाच्या गाडीत तो खरोखरीच लागला, तर कळणार कुणाला? कराडला आमचा मेस्त्री म्हणतो, "वैनी, पेट्रोलचा दिवा म्हणजे भूक लागली. ऑइलचा दिवा म्हणजे छातीत कळ आली. छातीत कळ आलेल्या माणसाला तुम्ही पुढच्या चौकापर्यंत चालवता का?" चालू गाडीत तो दिवा दिसला की गॅरेज गाठायच्या नादाला लागायचं नाही. बाजूला घ्यायची, जागच्या जागी बंद करायची. तेलाविना लोखंडावर लोखंड घासून इंजिन मिनिटा-दोन मिनिटांत धरतं, जाम होतं.

हे मी दाजींना सांगितलं. त्यांनी उशी दाबून बघितली आणि जाड आहे म्हणाले.

उतार

निघायच्या दिवशी सकाळी धुकं इतकं होतं की अंगणातली तुळस दिसेना. गाडी वळवताना तिचं पोट बेड्याजवळच्या, म्हणजे आवाराच्या फाटकाजवळच्या, जांभ्याच्या चिऱ्याला घासलं. खणकन आवाज झाला. मी वाकून बघितलं, पण खाली तांबडा चिखल आणि पाणी, काय दिसणार? दिवे सगळे विझलेले, इंजिन नेहमीसारखं. दाजींच्या कपाळावर आठी आली. निघतानाच ठेच लागली होती. मी घाईघाईनं म्हणाले, "काही नाही, चिऱ्याला घासली नुसती."

आक्काला मागच्या सीटवर आडवं पाय सोडून बसवलं, पाठीशी ती उशी. दाजी माझ्या शेजारी. वरचा दगड आला.

"वैनी, बंद करा."

"दाजी, बंद गाडीचा ब्रेक दोन-तीनदा लागतो, मग दगडासारखा घट्ट होतो. स्टेअरिंगही जड होतं. मागं आक्का आहेत. मी चालूच ठेवते, हळू नेते. हॉर्न वाजवत नाही, बोलत नाही."

दाजींनी तोंड फिरवलं. आरशात मी आक्काकडे बघितलं. तिनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं. तिला गाडी पुढे जायला हवी होती, बस्स. कशी का जाईना.

पहिल्या गियरमध्ये मी रहाटीत शिरले. धुक्यानं झाडांची खोडं तेवढी शिल्लक ठेवली होती. पहिलं वळण झालं. दुसऱ्या वळणावर गाडी कलली आणि समोर लाल दिवा लागला.

इंजिन चालू होतं. माझ्या पायाखाली त्याची थरथर लागत होती. आणि तरीही ती झारी, तो थेंब, लालभडक.

"बघा," दाजी कुजबुजले. त्यांच्या आवाजात भीती नव्हती, चक्क समाधान होतं. "तुमच्या इंजिनाला पन जुमानलंन नाय. लावलान दिवा. चला आता गुपचूप. पुलावर विझंल."

खरं सांगते, त्या क्षणी माझाही विश्वास बसला. पूल दोन वळणांवर होता. पुलावर विझेल, रोजच विझतो. पाय ॲक्सिलरेटरवर तसाच राहिला. मग इंजिनातून बारीक टकटक ऐकू आली, आणि मी गाडी दरडीच्या अंगाला घेतली, हँडब्रेक ओढला, चावी फिरवली.

सगळं गप्प झालं. रहाटीला जे हवं होतं ते मी अखेर केलं होतं. इंजिन बंद.

उतरून टायरला दगड लावला. थोडा वेळ थांबले, बॉनेट उघडलं, ऑइलची पट्टी काढली, पुसली, परत घालून काढली. उतारावर माप थोडं चुकतं, पण इथे चुकायला काही नव्हतंच. पट्टी कोरडी. मागे रस्त्यावर पाण्यावरून तेलाची काळी रेघ वर धुक्यात गेलेली. सकाळचा चिरा. मला कारण कळलं, तरी अंगावरचा काटा जाईना. अंगणापासून इथपर्यंत तेल गळत आलं होतं आणि संपलं ते नेमकं इथे. वरच्या दगडाच्या अलीकडे नाही, पुलाच्या पलीकडे नाही.

मोबाइलला रेंज नव्हती. दाजी जवळ आले, तोंड माझ्या कानाशी. "आडवं आलंन. बोललो होतो ना. जाऊ देत नाय तो तिला. जीप येईल कोनची, वर जाऊ परत." मी म्हणाले, गाडीचा तळ फुटलाय, दाजी, हे मेस्त्रीचं काम आहे. ते मान हलवत राहिले. बोलणं ठरल्याप्रमाणेच होतं आणि अट त्यांची होती.

मागच्या उघड्या दारातून आक्कानं सगळं ऐकलं होतं. पुन्हा बसून पायऱ्या उतरायच्या, पुन्हा रात्री गुडघ्यांना तेल चोळत पडायचं. हे तिला आता जन्मभरासाठी दिसत होतं आणि मला तिच्या तोंडाकडे बघवेना.

आणि तेव्हा मला सुचलं की आपण वळणाच्या तोंडाशी उभे आहोत. वरून जी गाडी येईल ती बंद येईल. तिचा आवाज येणार नाही, तिचा ब्रेक जड असेल, आणि धुक्यात तिला आम्ही दिसू ते अगदी शेवटी. आक्का तर दोन माणसांनी धरल्याशिवाय गाडीतून उतरू शकत नव्हती.

"दाजी, आक्कांना आधी बाहेर काढा," म्हणत मी चढावर पळाले. लाल ओढणी सोडली, रस्त्यात धरायला. वळणाशी पोचते तोच पाचोळ्याची सळसळ आली. मला वाटलं, कालचं ते, कठड्यापलीकडचं. मी तशीच खिळले. ओरडायला तोंड उघडलं आणि आवाजच निघाला नाही. धुकं फाटलं आणि त्यातून जीपचं नाक आलं, आत तीच गप्प माणसं, समोर बघणारी. ती माझ्या अगदी बाजूनं खाली, आक्काच्या गाडीकडे निघाली.

"थांऽऽब! अरे थांऽऽब!"

त्या रानात तो आवाज असा फुटला की झाडांवरून पाणी सांडलं. जीपवाला दचकला, दरडीकडे स्टेअरिंग ओढलं, हँडब्रेक खेचला. जीप जांभ्याला खरडत खरडत गेली आणि आमच्या गाडीच्या मागे हातभर जागा ठेवून थांबली.

ओरडली होती आक्का. दाजी तिला अर्धी दारात काढून उभे होते. तिचा एक पाय रस्त्यावर, हात दाराच्या चौकटीला, पदर गळालेला. जीपमधली माणसं तिच्याकडे बघत होती. मरता मरता वाचल्याचं कुणाच्या तोंडावर नव्हतं. होती ती दुसरीच भीती. रहाटीत कुणी ओरडलं होतं, आणि तेही बाईमाणूस.

"काय केलंस गो हे," दाजी म्हणाले.

आक्कानं पदर डोक्यावर घेतला. ती दाजींशी बोलली नाही, माझ्याशीही नाही. झाडांकडे तोंड करून तिनं हात जोडले आणि मोठ्या, सरळ आवाजात गाऱ्हाणं सुरू केलं. गाऱ्हाणं म्हणजे देवाला गावातर्फे घातलेली हाक. ते गुरवानं घालायचं, नाहीतर घरच्या कर्त्या पुरुषानं. दर वाक्याला जमलेल्यांनी 'होय महाराजा' म्हणायचं. तसं म्हटलं नाही तर गाऱ्हाणं अर्धं राहतं, आणि म्हटलं की कबूल केल्यासारखं होतं.

"बा राखणदारा महाराजा! आज तुझ्या रहाटीत मी ओरडले. ते पोटात घाल."

धुक्यात कुठेतरी फांदी मोडल्याचा आवाज झाला. मग जीपमधून एक म्हातारी क्षीण आवाजात म्हणाली, "होय महाराजा."

"सून म्हणून आले त्या दिवसापासून तुझ्या वाटेवर तोंड उघडलं नाही. डोक्यावर भारे घेऊन गेले, पोटुशी गेले, सासऱ्यांना खांद्यावर नेलं तेव्हा मागनं रडलेसुद्धा नाही."

"होय महाराजा." आता दोन-चार आवाज होते.

"आता पाय राहिले नाहीत. मी कराडला पाय आणायला जातेय. ते घेऊन तुझ्याच वाटेनं परत चढून येईन. माझी वाट मोकळी कर. नि ज्यांना सांगायचं त्यांना सांग."

"होय महाराजा!" सगळी जीप म्हणाली. रानानं ते घेतलं आणि थोड्या वेळानं, जरा खालच्या पट्टीत, परत दिलं. प्रतिध्वनी असणार. माझे दोन्ही हात आपोआप जोडले गेले होते.

दाजी बोलले नव्हते. सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे लागल्या. आक्का दाराला धरून उभी होती आणि तिचे पाय लटलटत होते, तरी ती बसेना. दाजींनी वरच्या दगडाच्या दिशेनं बघितलं, झाडांकडे बघितलं, मग तिच्या पायांकडे.

"होय महाराजा," ते म्हणाले. इतकं हळू की मला ओठांवरून कळलं.

दोघांनी धरून आक्काला जीपमध्ये पुढे बसवलं. ती उशी तिच्या गुडघ्यांखाली दिली. जीपवाला चाकावर हात ठेवून बसून राहिला. गाडी बंद, दिवा लाल, उतार समोर. तो दाजींच्या तोंडाकडे बघत होता, कारण दाजी त्या गावचे मानकरी.

"चालू कर," दाजी म्हणाले.

"हितं?"

"हितंच. नि ब्रेकवर पाय ठेव. मागं-पुढं गचका बसला तर ती ओरडंल, नि मग मी पन ओरडंन."